रिकाम्या पाठीचा बैल

मित्रांनो, मी वीतभर लांबीचा कांशाचा बैल. माझे डावे शिंग उजव्यापेक्षा थोडे खाली वाकले आहे आणि पाय जरा आखूड आहेत, पण चारही पायांवर मी नीट उभा राहू शकतो. सध्या उभे राहायला जागा नाही, एवढेच. शामीरच्या टेकडीच्या पोटात मी आडवा पडून आहे. वेळ भरपूर आहे, तेव्हा म्हटले, तुम्हाला माझी हकिकत सांगावी.

माझा जन्म तानाखचा. तानाख म्हणजे सपाटीवरचे, तटबंदीच्या आतले गाव. तिथे वेशीजवळ अब्दिएल नावाचा ओतारी राहत असे. तो नांगराचे फाळ आणि कुऱ्हाडी ओतायचा, आणि कोणी सांगितले तर छोटे देवही ओतायचा. त्याची बायको वारली होती. घरात तो आणि त्याची सोळा वर्षांची मुलगी अबीतल, अशी दोघेच. चटके बसून बसून तिच्या बोटांची टोके टणक झाली होती, पण मेण हातात आले की तीच बोटे फार हळुवार चालत. मला आधी मेणात घडवले ते तिनेच. मग अब्दिएलने त्या मेणावर माती थापली आणि भट्टीत धरली. मेण वितळून वाहून गेले, आणि आत जी पोकळी राहिली तिच्यात त्याने तांब्याकथलाचा लालभडक रस ओतला. रस गार झाल्यावर माती फोडली आणि मी जगात आलो.

गावच्या देवळातल्या पुजाऱ्याने असा बैल ओतायला आधीच सांगून ठेवले होते. तो आला, त्याने मला तळहातावर घेऊन फिरवून पाहिले आणि नाक मुरडले. ओतताना माझ्या डाव्या शिंगात हवेचा बुडबुडा अडकला होता, त्याने ते वाकले होते. असल्या शिंगाचा बैल एलच्या देवळात चालणार नाही, असे सांगून तो निघून गेला. अब्दिएल मला पुन्हा मुशीत टाकायला निघाला, तेव्हा अबीतल म्हणाली, "बाबा, आपल्या गोठ्यातल्या बैलाचं शिंग तरी कुठे सरळ आहे? तो नांगर ओढतोच ना?" अब्दिएल हसला. मी भट्टीशेजारच्या कोनाड्यात राहिलो.

एल हा त्या लोकांचा सर्वांत थोर देव. देवांचा बाप आणि माणसांचाही बाप. पांढऱ्या दाढीचा, शांत, सगळ्यांची गाऱ्हाणी ऐकून घेणारा म्हातारा. त्याच्या बळाकडे पाहून लोक त्याला बैल म्हणत. पावसाचा देव बआल वेगळा. तो तरुण आणि तापट, ढगांवर स्वार होऊन यायचा आणि समुद्राला झोडपून काढायचा. बायका जात्यावर त्याची गाणी म्हणत. पण अब्दिएल रोज सकाळी भट्टी पेटवण्याआधी एलशीच बोलायचा. "एल, दयाळू म्हाताऱ्या, आज माझा रस नीट वाहू दे." एवढेच. हे मी इतक्या वेळा ऐकले आहे की मला वाटायचे, तो ते मलाच सांगतो आहे. तसे नव्हते, हे मला पुढे कळले.

दोन वर्षांनी डोंगरातला एक तरुण कुऱ्हाड दुरुस्त करून घ्यायला आला. डोंगरातल्या लोकांकडे ओतारी नसत, म्हणून वर्षातून एकदा त्यांना खाली उतरावे लागे. हनीएल त्याचे नाव. उंच, लाजरा, बोलायला अगदी कमी. त्या वर्षी त्याची कुऱ्हाड तीन वेळा मोडली. तिसऱ्या वेळी अब्दिएलने पाते उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाला, "पोरा, ही दगडावर आपटून मोडली आहे. सरळ सांगून टाक, काय हवंय." हनीएलचे कान लाल झाले. अबीतल भात्यामागे तोंड लपवून हसत राहिली.

लग्न ठरले. निघायच्या दिवशी अब्दिएलने मला लोकरीच्या गाठोड्यात घातले. डोंगरात तुझे आपले असे कोणी नसेल, तेव्हा हा असू दे, एवढेच तो म्हणाला आणि आत निघून गेला.

असा मी शामीरला आलो. डोंगरउतारावर दगड रचून केलेली शेते, जैतुनाची झाडे, खडकात खोदलेली पाण्याची टाकी आणि वीस-एक घरे. अबीतलचे सासरे एलीदाद त्या कुळाचे मुख्य होते. दाट भुवयांचे, मोठ्या आवाजाचे. त्यांचे आजोबा दक्षिणेच्या वाळवंटातून, सेईर डोंगराच्या पलीकडून आले होते आणि येताना एक देव घेऊन आले होते. म्हणजे मूर्ती नाही, फक्त नाव. यहोवा. तो वादळातून बोलत असे, त्याच्या चालण्याने डोंगर हादरत, लढाईत तो आपल्या लोकांच्या पुढे असे. त्याला चेहरा नव्हता आणि कोणी तो करूही नये असा दंडक होता. टेकडीच्या माथ्यावर एका जुन्या ओकच्या झाडाखाली उभा दगड होता. सुगीला सगळे कूळ तिथे जमे, दगडाला तेल लावी आणि यहोवाचे नाव घेई. एलीदाद ते नाव घेत तेव्हा त्यांचा मोठा आवाजही बारीक होई.

अबीतल शहाणी होती. तिने मला माडीवरच्या लोकरीच्या टोपलीत तळाशी ठेवले आणि कोणाला काही सांगितले नाही. मी त्या अंधारात सुखात होतो. खालून जवाच्या भाकरीचा वास येई, सासूबाई सेरह यांचे बोलणे ऐकू येई. सुनेला भाकरी पातळ करता येत नाही म्हणून त्या रोज कुरकुरत आणि रोज तिच्याच हातची एक भाकरी जास्त खात.

दुसऱ्या वर्षी पाऊस लांबला. पेरणीची वेळ टळत चालली, टाक्यांचा तळ दिसू लागला. नेमक्या त्याच दिवसांत एलीदादांनी गच्चीचा गिलावा नव्याने करायला काढला. सामान खाली उतरवताना टोपली कलंडली आणि मी अंगणात, त्यांच्या पायाशी येऊन पडलो. माझ्यावरची लोकर त्यांनी काठीच्या टोकाने बाजूला केली. 

मित्रांनो, ही बातमी दुपारपर्यंत सगळ्या गावात पसरली. एलीदादांचा चुलतभाऊ गेरा याला तर कधीपासून काहीतरी बोलायला हवेच होते. ओताऱ्याच्या पोरीने सपाटीवरचा देव चोरून घरात आणला आहे, म्हणून यहोवाने आभाळ बंद केले आहे, असे तो घरोघर सांगत सुटला. तिला तिच्या बापाकडे परत पाठवा आणि तो बैल फोडून टाका, हे त्याचे म्हणणे. अबीतलला तेव्हा पाचवा महिना होता. ती परत गेली असती तर मूल बापाविना वाढले असते, आणि टाकलेल्या बाईला तानाखमध्येही कोणी विचारले नसते. हनीएलला वडिलांपुढे बोलायची सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओकच्या झाडाखाली कूळ जमले. पुरुष दगडाभोवती, बायका थोड्या मागे. मला मधोमध जमिनीवर ठेवले होते. गेरा बराच वेळ बोलला. मग हनीएल उभा राहिला आणि आयुष्यात प्रथमच बापासमोर बोलला. म्हणाला, "ती गेली तर मीही जाईन. कुऱ्हाड घेऊन जाईन." एवढे बोलून तो खाली बसला. 

एलीदादांनी सुनेकडे पाहिले. "सूनबाई, आमच्या देवाला चेहरा नाही. हे तुला ठाऊक होतं. तरी तू हा देव घरात ठेवलास?"

अबीतल पुढे आली. तिचा पदर डोक्यावर होता, पण मान खाली नव्हती. "मामंजी, हा देव नाही. हा बैल आहे."

कोणीतरी हसले. एलीदाद हसले नाहीत.

"याच्या पाठीवर बघा," ती म्हणाली. "कोणी बसलंय का?"

"कोणीच नाही."

"मीच घडवलाय तो, म्हणून सांगते. पाठ मुद्दाम सपाट ठेवली आहे. देव उभा राहतो तो बैलाच्या पाठीवर, आणि तो दिसत नाही. माझ्या वडिलांनी एलचा चेहरा कधी केला नाही. ते म्हणायचे, म्हाताऱ्याची दाढी ओतण्याइतकं तांबं जगात नाही. मग चेहरा मी आणला कुठून?"

गेरा म्हणाला की हे सगळे शब्दांचे खेळ आहेत. पाठीवर उभा राहतो तो एल, सपाटीवरच्या लोकांचा. आपला त्याच्याशी काय संबंध?

तेव्हा अबीतल त्याच्याकडे वळली. "गेराकाका, मागच्याच महिन्यात तुमच्या नातवाचं नाव ठेवलंत ना? काय ठेवलंत?"

गेराने दगडाकडे तोंड फिरवले. नाव एलासा होते. एलने घडवलेला.

"मामंजींचं नाव मी तोंडाने घेऊ नये," ती पुढे म्हणाली, "ह्यांचंही घेऊ नये. पण दोन्हींत एल आहे. आपण सगळे मिळून स्वतःला इस्राएल म्हणवतो, त्याच्याही शेवटी तोच आहे. यहोवाचं नाव तुम्ही सगळे घेता. पण पोर जन्माला आलं की हाक कोणाला मारता?"

 माझ्याकडे पाहणारे सगळे डोळे एकदम आपापल्या पायांकडे वळले. आणि मग बायकांमधून सेरह सासूबाई उठल्या. त्या म्हणाल्या, "घराघरातलं बाहेर काढायचंच असेल तर माझ्या पिठाच्या रांजणापासून सुरुवात करा. तळाशी मातीची अशेरादेवी आहे. तुमची चारही पोरं तिला हातात धरून जन्माला घातली आहेत मी."

एलीदादांच्या संसाराला चाळीस वर्षे झाली होती आणि त्या रांजणातले पीठ ते रोज खात होते. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. त्यांनी सगळ्यांना घरी जायला सांगितले. निर्णय मी तीन दिवसांनी देईन, म्हणाले, आणि तिथेच दगडाशी बसून राहिले. मला त्यांनी शेजारी ठेवून घेतले. दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचा त्यांना भरवसा नव्हता.

ते तीन दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस, असे मी आज म्हणेन. तेव्हा मात्र माझा जीव मुठीत होता. एलीदाद दिवसभर दगडाला टेकून बसत. मधूनच मला उचलत, माझ्या पाठीवरून अंगठा फिरवत आणि पुन्हा खाली ठेवत. तिसऱ्या दुपारी अबीतल त्यांच्यासाठी भाकरी आणि मसुराचे कालवण घेऊन आली. ती ठेवून निघाली तेव्हा त्यांनी तिला थांबवले.

"तुझा तो एल," ते म्हणाले, "रागावतो का गं?"

"रागावतो. पण बाबा म्हणायचे, त्याला राग यायला फार वेळ लागतो, आणि जायला लागत नाही."

एलीदादांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो तसाच हातात धरून बसले. मग त्यांनी जे सांगितले ते त्यांनी कधी कोणाला सांगितले नसावे. लहानपणापासून यहोवाचे नाव मी भीतीनेच घेत आलो, ते म्हणाले. तो गडगडतो, तो पेटवतो, तो लढतो, हेच आजोबांकडून ऐकले. धाकटी मुलगी तापाने गेली तेव्हा रडायला या दगडापर्यंत आलो होतो आणि इथे आल्यावर रडायची छाती झाली नाही, तसाच परत गेलो. मग ते म्हणाले, "आजोबा इथे आले तेव्हा हा दगड इथे होताच. लोक त्याला तेल लावत होते. कोणाच्या नावाने, ते मी कधी विचारलं नाही."

अबीतलला उत्तर माहीत होते. त्यांनाही होते. तिने ते उच्चारले नाही, फक्त पाण्याचे भांडे त्यांच्या जवळ सरकवले. मला वाटते, तिने बोलून जे मिळवले होते त्याहून जास्त त्या गप्प राहण्याने मिळवले.

चौथ्या दिवशी सकाळी कूळ पुन्हा जमले. एलीदादांनी मला दोन्ही हातांनी उचलले आणि उभ्या दगडासमोर, तोंड लोकांकडे करून ठेवले. मग ते म्हणाले, "आपल्या लोकांना वाळवंटातून आणणारा तो आणि आपण यायच्या आधीपासून या झाडाखाली ऐकत बसलेला तो, हे दोन नाहीत. आपण त्याला दोन दारांनी भेटलो. हा बैल त्याचा. पाठ रिकामी आहे ती रिकामीच राहील. जो हिच्यावर काही बसवील त्याचा हात मी मोडीन. सूनबाई घरीच राहील."

हनीएलचा जीव भांड्यात पडला. गेरा पुटपुटत निघून गेला.

पाऊस त्यानंतर बारा दिवसांनी आला, आणि तोही अर्धामुर्धा. जव निम्माच पिकला. गेरा म्हणू लागला की यहोवाला अर्धी भक्ती मान्य नाही म्हणून अर्धे पीक. सेरह सासूबाई म्हणाल्या की अर्धे तरी आले ते कोणामुळे, ते बघा. खरे सांगायचे तर त्याच्याशी माझा काही संबंध नव्हता. मी कांशाचा आहे, मित्रांनो. आभाळाचे मला काही कळत नाही.

अबीतलला मुलगा झाला. आठव्या दिवशी एलीदाद त्याला मांडीवर घेऊन ओकच्या झाडाखाली बसले. हनीएलने नाव विचारले. ते एलीदादांच्या मनात कधीपासून तयार होते, कारण ते जराही न अडखळता म्हणाले, "योएल." यो म्हणजे यहोवा; यहोवा हाच एल. आधी त्यांच्या देवाचे नाव, मागून सुनेच्या, आणि मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. अबीतल त्या दिवशी पहिल्यांदा सासऱ्यांसमोर रडली.

पुढची वर्षे माझ्या कामाची. सुगीला मला तेलाने चोपडत, मुले माझ्याभोवती फेर धरत, नव्या जैतुनाचा पहिला थेंब दगडाला आणि दुसरा माझ्या पाठीला. अबीतलने कुळातल्या बायकांना तानाखची जात्यावरची गाणी शिकवली. चाल तीच, शब्दही बहुतेक तेच. ढगांवर स्वार होणारा, समुद्राला झोडपणारा. फक्त बआलचे नाव जिथे होते तिथे तिने यहोवाचे घातले आणि ते तिथे असे बसले की दोन वर्षांत कोणाला आठवेना, गाणे आधी कोणाचे होते. एलीदाद गोठ्यात काम करता करता ते गुणगुणत आणि कोणी पाहिले की खाकरत.

त्यांच्यात आणखीही बदल झाला. यहोवाचे नाव घेताना त्यांचा आवाज अजूनही बारीक व्हायचा, पण आता त्यात भीती कमी होती. नातवाला ते सांगत की तो डोंगर हादरवतो, हे खरे, पण त्याला हाक मारली तर तो आधी ऐकून घेतो. त्याला राग यायला फार वेळ लागतो. हे वाक्य मी कोणाच्या तोंडून आधी ऐकले होते, ते मला माहीत होते. योएलला ते आजोबांचेच वाटत असे.

शेवटच्या आजारात एलीदादांनी स्वतःला खाटेसकट झाडाखाली आणवले. ऊन कोवळे होते. त्यांनी अबीतलला विचारले की तुझे वडील सकाळी काय म्हणायचे. तिने सांगितले. त्यांनी ते एकदा तिच्यामागून म्हटले, फक्त शेवट बदलला. "दयाळू म्हाताऱ्या, आज माझं नीट वाहू दे." त्या संध्याकाळी ते गेले. दगडाशी कधी न रडलेला तो माणूस त्या दुपारी मात्र मनमोकळे रडला होता, आणि ते मी पाहिले आहे.

आता माझ्या उतरत्या दिवसांचे सांगतो. मला कोणी टाकून दिले नाही. उलट माझे फार कौतुक होऊ लागले. एलीदाद गेले, सेरह सासूबाई गेल्या, मग हनीएलही गेला. झाडाखालची ती सकाळ पाहिलेली माणसे कमी होत गेली. नव्या सुना येत आणि माझ्या शिंगांना हात लावून डोळ्यांना लावत. कोणी माझ्यापुढे खीर ठेवू लागले. कोणी गाय व्यावी म्हणून माझ्या कानात सांगे. एका शेतकऱ्याने तर माझ्या गळ्यात लाल दोरा बांधला आणि रोज येऊन माझ्याशीच भांडू लागला. मला आधी ते आवडले, हे कबूल करतो. चाळीस वर्षे दुसऱ्याच्या नावाने तेल लावून घेतल्यावर कोणी आपल्या नावाने लावले तर कोणाला आवडणार नाही?

त्याच सुमारास यहोवाचा एक भक्त गावोगाव फिरत शामीरला आला. केसाळ झगा, भेगाळलेले पाय. योएल तेव्हा कुळाचा मुख्य होता. भक्त दिवसभर झाडाखाली बसून राहिला आणि लोक काय करतात ते पाहत राहिला. संध्याकाळी त्याने योएलला एवढेच सांगितले की आज अकरा जण आले, त्यातले दहा जण बैलाशी बोलले. हा फोडून टाक.

योएल आईकडे गेला. अबीतल आता म्हातारी झाली होती, पण टेकडी रोज चढायची. ती त्याच्याबरोबर वर आली. लाल दोऱ्याचा शेतकरी तेव्हा माझ्यापुढेच होता आणि मला दुष्काळाबद्दल दोष देत होता. ती ऐकत उभी राहिली. तो गेल्यावर ती योएलला म्हणाली, "पाहुणा बरोबर बोलतोय. यांना पाठ दिसत नाही आता. नुसती शिंगं दिसतात."

योएलला आईचे मन मोडायचे नव्हते. तो म्हणाला की फोडू नये, वितळवून नांगराचा फाळ करू, म्हणजे कांसे वाया जाणार नाही.

"चाळीस वर्षं त्याने देवाचं ओझं उचललं," ती म्हणाली. "आता परत कामाला जुंपतोस?"

योएल हसला. त्या हसण्यात मला तानाखचा अब्दिएल दिसला.

सकाळी, सगळ्यांसमोर, अबीतलने मला दगडापुढून उचलले. माझ्या गळ्यातला दोरा सोडून त्या शेतकऱ्याच्या हातात दिला आणि त्याला सांगितले की भांडायचे असेल तर वर बघून भांड, तो ऐकतो. मग तिने मला स्वच्छ तेलाने पुसले, लोकरीत गुंडाळले आणि उतारावर, उन्हाच्या बाजूला खड्डा खणवून त्यात ठेवले. भक्ताने काही हरकत घेतली नाही. फोडण्यात आणि पुरण्यात फरक काय, असे त्याने फक्त विचारले. ती म्हणाली की फरक बैलाला कळतो. माती टाकण्याआधी ती वाकून मला म्हणाली, "तुझं काम झालं. छान केलंस."

मित्रांनो, मला तेव्हा वाईट वाटले नाही. दहा माणसे माझ्याशी बोलून गेली होती, पण अकरावा माझ्या डोक्यावरून पाहत होता. त्याच्यासाठीच मला घडवले होते, आणि आता त्याला माझी गरज उरली नव्हती. काम चांगले झाले, याची याहून मोठी खूण कोणती?

तुमच्या घरीही काही जुन्या वस्तू असतील. त्या आता कोणाच्या कामाच्या नसतील. त्यांना पायाखाली टाकू नका आणि डोक्यावरही घेऊन बसू नका. पुसा, कापडात गुंडाळा, चांगल्या जागी ठेवा आणि त्यांनी काय काम केले ते एकदा मुलांना सांगा. आणि जे आपलेच आहे असे तुम्हाला फार खात्रीने वाटते, ते तुमच्या घरी कोणाच्या हाताने आले, कोणती सून गाठोड्यात घेऊन आली, हेही कधीतरी विचारून पाहा. त्याने तुमचे काही कमी होणार नाही.

मला पुरल्यानंतरही अबीतल बरीच वर्षे जगली. ती दुपारी नातवंडांना घेऊन उतारावर यायची आणि नेमकी माझ्यावरच्या मातीवर बसून मसूर निवडायची. एकदा धाकट्या नातीने विचारले, "आजी, आपण रोज इथेच का बसतो गं?"

अबीतलने सुपातला खडा बाजूला काढला. म्हणाली, "इथे ऊन छान येतं."